गुळाच्या नाकाचं विमान

नेमाण्णा मगदूम कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचा तोल बघायचा. पळी असो, लाटणं असो, माझी छत्री असो. एक बोट आडवं धरायचा आणि त्यावर ती वस्तू मागं-पुढं सरकवत राहायचा. ती स्थिर झाली की "हां, हितं हाय हिचा जीव" म्हणायचा आणि मगच ती मूळ कामाला वापरायचा. आमच्या घरी पहिल्यांदा फराळाला आला तेव्हा पोहे निवून गेले तरी हा चमचाच बोटावर धरून बसला होता. तो गेल्यावर आमची ही मला म्हणाली, "तुम्हाला मित्रही तुमच्यासारखेच मिळतात." हा नेमाण्णाचा अपमान होता, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

कोल्हापुरातली, महाराजांच्या अमदानीतली ही गोष्ट. शाहूपुरीची पेठ तेव्हा नवी होती. सकाळपासून गुळाच्या गाड्या लागायच्या, आणि दुपारपर्यंत साऱ्या पेठेला एक चिकट गोड वास यायचा. आदाप्पा आणि नेमाण्णा हे दोघे भाऊ मूळचे पेठ वडगावचे, जैन, आणि शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. थोरले आदाप्पा गादीवर बसायचे. धाकट्या नेमाण्णानं सौद्याला उभं राहावं, अशी वाटणी होती. त्यांच्याच दुकानामागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. समोरासमोर आम्ही एकमेकांना अहोजाहो करायचो, पण आठवणीत मात्र नेमाण्णा नेहमी एकेरीच येतो.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढं ते नडणार आहे. मी शाळेत सायन्स शिकवायचो. म्हणजे पुस्तकातले प्रयोग मोठ्यानं वाचून दाखवायचो. एकदा प्रत्यक्ष करून दाखवला, त्यानंतर हेडमास्तरांनीच वाचून दाखवत जा म्हणून सांगितलं. डोळ्यांचं तर विचारूच नका. चष्मा नसला की मला माणूस आणि खांब सारखेच. एकदा घाईत चष्मा घरी विसरलो आणि रस्त्यात उभ्या असलेल्या दरबारच्या हत्तीला "जरा वाट द्या हो" म्हणालो. ही गोष्ट पेठेत चवीनं सांगायचे. हत्तीनं वाट दिली, हे मात्र कुणी सांगत नसे.

वाचनालयात एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात विमानाचं चित्र आलं आणि मला व्याख्यानाला विषय मिळाला. संध्याकाळी आदाप्पांच्या ओट्यावर बसून मी पंख, हवेचा दाब, पंखा असं बरंच काही समजावून सांगितलं. हमाल झोपले, आदाप्पा उठून गेले. नेमाण्णा तेवढा शेवटपर्यंत ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं एकच विचारलं, "मास्तर, त्याचा तोल कुठं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मासिकात दिलं नव्हतं.

"मग काय सांगाय लागलाय मगापासनं?" असं म्हणून तो उठला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या पोटमाळ्यावर कामट्या तासायचा आवाज यायला लागला.

माणूस बसेल असं विमान करायचं, असं त्याच्या मनात कधीच नव्हतं. हातभर लांबीचं, पण आपलं आपण उडणारं विमान त्याला हवं होतं. सांगाडा वेळूच्या कामट्यांचा, पुढचा पंखा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, आणि तो फिरवायला रबराचा पीळ. रबर कोल्हापुरात कुठून आणायचं, हा प्रश्न पडला तेव्हा त्याची नजर माझ्या सायकलीवर गेली. ती सायकल मी हौसेनं घेतली होती आणि पहिल्याच दिवशी गुळाच्या गाडीवर घातली होती. तेव्हापासून ती भिंतीला टेकून होती. "तशी बी उभीच हाय की," म्हणत त्यानं चाकातली ट्यूब काढली आणि कात्रीनं तिच्या बारीक वाद्या केल्या. माझी सायकल चालली ती अशी.

खरी गंमत पुढं होती. मासिकात लिहिलं होतं, पंखांना रेशीम लावावं, सांधे सरसानं चिकटवावेत. मी ते ऐटीत वाचून दाखवलं. नेमाण्णानं हातातली कामटी खाली ठेवली.

"रेशीम चालायचं न्हाय. किडं उकडून काढत्यात ते."

"बरं, सरस?"

"कातड्याचा असतोय. तो बी न्हाय."

"मग लाख लावा."

"मास्तर, लाखेत बी किडंच की! तुमच्या सायबाला जीव मारल्याबिगर उडायला येतच न्हाय व्हय?"

मी मासिक मिटलं. मग त्याचं त्यानंच सगळं शोधलं. सांध्यांना बाभळीचा डिंक, पंखांना जुन्या पातळ मलमलीचं कापड, आणि ते ताणून बसावं म्हणून चिंचोक्याची खळ. वरून जवसाच्या तेलात विरघळवलेल्या राळेचा हात. हा हात तो कापसाच्या बोळ्यानं देई, इतका पातळ की दिला की नाही कळू नये. "जाड हात दिला की वजन वाडतंय. आणि वजन वाडलं की ते विमान न्हाय, पाट हुतोय," असं त्याचं म्हणणं. पहिला हात वाळला की नाही, हे बघायला तो पंखावर अलगद गाल टेकवायचा. गार लागलं की अजून ओलं. एकदा असाच गाल टेकवून तो गादीवर आला आणि गालावरचा राळेचा पट्टा घेऊन त्यानं अर्धा दिवस सौदे केले. मी तीच युक्ती करून बघितली, तर माझी मिशी पंखाला चिकटली. सोडवताना निम्मी मिशी तिथंच राहिली. पंख मात्र वाचला, याचा नेमाण्णाला फार आनंद झाला.

सगळं झाल्यावर तोल बघितला, तर शेपूट जड. नाकाकडं थोडं वजन घालायला हवं होतं. दुसऱ्या कुणी शिसं घातलं असतं, खिळा घातला असता. नेमाण्णा गुळाच्या दुकानात जन्म काढलेला माणूस. त्यानं हात लांब करून ढेपेचा एक खडा मोडला, मऊ केला, आणि डिंक लावून नाकाच्या पोकळीत बसवला. "बगा, किती सोयीचं हाय," तो म्हणाला. "कमी पडलं तर चिकटवायचं, जास्त झालं तर खायचं." त्यानं दोनदा थोडं खाल्लं, एकदा मी खाल्लं, आणि विमान बोटावर स्थिर उभं राहिलं. सायन्सचा शिक्षक म्हणून मला तेव्हा एक शंका यायला हवी होती. ती आली नाही. मी बोट चाटत होतो.

चाचण्या टेंबलाईच्या माळावर व्हायच्या. तिथले त्याचे नियम कडक होते. विमान पडेल तिथं आधी भाताचं पिंजर पसरायचं. आभाळात घार दिसली की थांबायचं, तिला इजा होता कामा नये. शेपटीला लांब दोरा बांधायचा. त्याला तो दावं म्हणायचा. दिवस मावळल्यावर जसं जेवण नाही तसं उडवणंही नाही. चातुर्मासात तर विमान खुंटीवरच. "चार म्हयनं मुनी हिंडत न्हाईत, माझं इमान कशाला हिंडतंय?" आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पंख्यासमोर कुणी उभं राहायचं नाही. "इमानाम्होरं हुभा ऱ्हाणारा आणि बैलामागं हुभा ऱ्हाणारा, दोगं बी एकाच गावचं," असं तो म्हणायचा. हा नियम त्यानं माझ्यासाठीच केला होता. पहिल्याच चाचणीत मी नीट दिसावं म्हणून समोर गेलो होतो, आणि विमानानं माझी पगडी शेजारच्या बोरीवर नेऊन ठेवली होती.

इकडं आदाप्पांचा संयम सुटत चालला होता. गुळाचा सौदा रुमालाखाली व्हायचा; घेणाऱ्यानं आणि अडत्यानं रुमालाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा. एके दिवशी एका बड्या व्यापाऱ्यानं भाव सांगायला बोटं धरली, आणि नेमाण्णा विमानाच्या नादात त्या बोटांचाच तोल बघत बसला. व्यापाऱ्याला वाटलं, भाव नाकारला. तो उठून दुसऱ्या अडतीला गेला. त्या दुपारी आदाप्पा पोटमाळ्याच्या शिडीखाली उभे राहून ओरडले, ते अख्ख्या पेठेनं ऐकलं.

"नेमा! खाली ये! लोकं हसाय लागल्यात आपल्याला. म्हणत्यात, मगदुमाचा धाकटा इमानात बसून वडगावला जाणार हाय!"

"हसू दे की, आण्णा. उडल्यावर गप बसतील."

"मग उडीव की! पाडव्याला समद्या पेठंम्होरं उडीव. उडलं तर माळा तुझा, जलमभर तास कामट्या. न्हाय उडलं तर माळ्यावर गूळ भरीन, आणि तू गादीवर बसशील. हाय कबूल?"

"हाय," नेमाण्णा म्हणाला.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, जरा मुदत मागा." तो म्हणाला, "मास्तर, तुमी सायकल दिलीसा, आता सल्ला नगा दिऊ."

गुढीपाडव्याला उन्हं कलल्यावर माळावर जत्रा भरली. फुटाणेवाला आला, हमाल आले, पेठेतले व्यापारी धोतराचे सोगे सावरत आले. एक सरदार घोड्यावरून येऊन झाडाखाली थांबले. आदाप्पा पुढं, हाताची घडी घालून. नेमाण्णानं बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलेलं विमान उलगडलं. या खेपेला दावं नव्हतं. तो पंखा फिरवून पीळ भरायला लागला, आणि मधेच थांबला. नाक डोळ्यांजवळ नेलं. मग शेपूट. मग पुन्हा नाक.

"काय झालं?" मी विचारलं.

"मुंग्या."

गुळाला मुंग्या लागल्या होत्या. नुसत्या नाकात नव्हे, कामट्यांवरून थेट शेपटीपर्यंत त्यांचं येणं-जाणं चाललं होतं.

"झटक की," आदाप्पा म्हणाले.

"झटकल्यावर पाय मोडत्यात त्यांचं, आण्णा."

"मग तसंच उडीव."

"आणि पडलं तर? लाकडाखाली चेंगरून मरतील की."

आदाप्पांनी हाताची घडी सोडली. रोज देवदर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारा तो माणूस, मरू देत मुंग्या, असं चारचौघांत म्हणणार कसा? लोकांना तसलं काही बंधन नव्हतं. "मुंग्यास्नी बी दावा की वरनं कोल्लापूर!" कुणीतरी ओरडलं. "मास्तरला इचारा, त्येला तरी दिसत्यात का मुंग्या!" दुसरा. हशा पिकला. मी चष्मा पुसला, कारण मला खरंच दिसत नव्हत्या.

नेमाण्णानं गुळाचा नवा खडा मागवून गवतावर ठेवला आणि नाकापासून तिथपर्यंत काडीचा पूल केला. एकही मुंगी बाहेर आली नाही. घरात गूळ असताना बाहेरच्या गुळाला कोण जातं? मग तो ओल्या फडक्यानं नाकातला डिंक भिजवत बसला. डिंक त्याचाच, चांगला घट्ट बसलेला. फुटाणे संपले. सरदारांनी घोडा वळवला. व्यापारी, हमाल, जो तो आपापल्या वाटेला लागला. आदाप्पा सगळ्यांत शेवटी निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "झालं न्हवं तुझं? सकाळी गादीवर ये." आणि पाठ फिरवून चालायला लागले.

ते दिसेनासे झाल्यावर गूळ सुटला. नेमाण्णानं तो मुंग्यांसकट गवतावर ठेवला आणि मागं राहिलेल्याही एकामागून एक उतरून त्याच्याकडं गेल्या. तो गुडघ्यांवर बसून शेवटच्या मुंगीपर्यंत थांबला. सूर्य टेकडीला टेकला होता.

"आता नाकात वजन न्हाय," तो म्हणाला. नव्या खड्यालाही एव्हाना मुंग्या लागल्या होत्या. त्यानं इकडंतिकडं बघितलं. हातात आलेला दगड जड होता, आणि बांधायला दोराही नव्हता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणजे माझ्या चष्म्याकडं. मी काढून दिला. त्यानं तो आधी बोटावर तोलून बघितला, मग काड्या नाकाच्या कामटीला गुंडाळल्या, आणि म्हणाला, "मास्तर, मागं व्हा."

कोल्हापुरातल्या माझ्या माहितीतल्या त्या पहिल्या विमानाचा मी एकमेव साक्षीदार. मला दिसलं ते असं: वर भुरकं आभाळ, खाली भुरकी जमीन, आणि मधे घुर्र असा आवाज. आवाज वर गेला, लांब गेला आणि थांबला. पीळ संपला असणार.

"पडलं का हो?" मी विचारलं.

"अजून न्हाय."

मी थांबलो. वारा अगदी पडला होता. "आता?"

"अजून न्हाय."

मी चाचपडत त्याचा दंड धरला. तो चवड्यांवर उभा राहून बघत होता. मला काही दिसत नव्हतं, आणि तरी इतकं लख्ख मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही.

"टेकलं," तो शेवटी म्हणाला.

आम्ही बराच वेळ चालत गेलो. माळाच्या पार कडेला निवडुंगाचं कुंपण होतं, त्याच्या अलीकडं विमान गवतावर बसलं होतं, आणि माझा चष्मा धड होता. तो डोळ्यांवर चढवला तोवर सूर्य बुडाला. मी म्हणालो, "चला, आत्ताच्या आत्ता आदाप्पांना सांगू."

"न्हाय. समद्यांम्होरं उडवीन म्हणलोतो. समद्यांम्होरं न्हाय उडलं."

"अहो, पण उडालं ना!"

"उडलं की," तो म्हणाला, आणि विमान लुगड्यात गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर गुळाच्या ढेपा चढल्या आणि नेमाण्णा गादीवर बसला. विमान त्यानं आपल्या घरी खुंटीला टांगलं. भाव चोख सांगायचा, सौदे चोख करायचा. चहाचा चमचा आला की सरळ कपात घालायचा. मला ते बघवेना. मी पेठेत ज्याला त्याला सांगत सुटलो, की विमान उडालं, मी साक्षीदार आहे. लोक विचारायचे, "सोता बगितलंसा?" मी म्हणायचो, "बघितलं म्हणजे, चष्मा विमानात होता..." पुढचं कुणी ऐकून घेत नसे. हत्तीच्या गोष्टीला पेठेत आता एक जोडगोष्ट झाली. नेमाण्णाला कुणी विचारलं तर तो म्हणे, "गिऱ्हाईक हाय म्होरं, मग बोलू."

एका दुपारी आदाप्पा माझ्या दाराशी आले. मागच्या खोल्यांकडं ते कधी फिरकत नसत. उभ्या उभ्याच म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. उडलं हुतं?"

"उडालं होतं."

"तुमाला दिसत हुतं?"

"नाही. पण चष्मा कुठं सापडला ते दाखवतो."

आम्ही माळावर गेलो. मी त्यांना सुरुवातीची जागा दाखवली आणि मग निवडुंगाचं कुंपण दाखवलं. एवढा चष्मा हातानं फेकायचा म्हटला असता तर निम्म्या वाटेतही गेला नसता. आदाप्पांनी ते अंतर चालून काढलं, हात पाठीमागं बांधून, सावकाश. कुंपणापाशी पोचल्यावर त्यांनी मागं वळून ती सुरुवातीची जागा बघितली.

"हितपातूर?"

"इथपर्यंत."

"मग मला का न्हाय सांगितलं त्येनं?"

मी सांगितलं, शब्द सगळ्यांसमोरचा होता म्हणून. आदाप्पा तिथंच एका दगडावर बसले. "सगळं गाव गेलं तर गेलं," ते म्हणाले. "मी तरी थांबाय पायजे हुतं की न्हाय? थोरला भाऊ हाय मी त्येचा." मी चष्मा पुसायला घेतला. एरवी मला कशावरही दोन तास बोलता येतं.

घरी परतल्यावर ते धाकट्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मगदुमांच्या घरात चूक झाली असं म्हणायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल पोटमाळ्यावरून ढेपा खाली उतरवताना दिसले. नेमाण्णानं गादीवरून मान वर करून विचारलं, "आण्णा, गूळ कुठं चालवलाय?" आदाप्पा म्हणाले, "वर मुंग्या लागत्यात."

पुढं माझी नेसरीला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी सामान टांग्यात घालून मी टेंबलाईच्या माळावर निरोप घ्यायला गेलो. दोघं भाऊ तिथंच होते. नवं विमान होतं, नाकात शिसं होतं. आदाप्पांनी फेटा काढून ठेवला होता आणि विमान दोन्ही हातांत डोक्यावर उंच धरलं होतं. पीळ भरलेला होता. नेमाण्णा मागं उभा राहून ओरडत होता.

"आण्णा, सोड की!"

"पडंल रं."

"पडू दे! पडलं तर उचलू. तू सोड!"

"व्हय, सोडतो," आदाप्पा म्हणायचे आणि पाय रोवून तसेच उभे राहायचे. पेठेत कुणाचीही भीडभाड न ठेवणारा तो माणूस, पण इथं डोळे घट्ट मिटून घेत होता. टांगेवाला घाई करायला लागला. मी दोघांना हात जोडले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. टांगा रस्त्याला लागून बराच लांब गेला तरी नेमाण्णाची हाक ऐकू येत होती, "आण्णा, सोड!" आणि मी मागं वळून बघितलं तेव्हाही आदाप्पांना ते विमान सोडवत नव्हतं.